नैसर्गिक वायूवर चालणारी वाहने आणि बालकांची फुफ्फुसे

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी नुकतेच स्वतंत्र बालरुग्णालय सुरू केले होते. सात वर्षांचा एक मुलगा दर दोन-तीन आठवड्यांनी दम लागल्याची तक्रार घेऊन येई. नेब्युलायझर लावावा, इनहेलर लिहून द्यावा, तो घेण्याची पद्धत आईला पुन्हा एकदा समजावून सांगावी आणि पाठवणी करावी, असा क्रम ठरून गेला होता. घरात धूळ आहे का, मांजर-कुत्रे आहे का, वडील विडी ओढतात का, हे सारे प्रश्न मी पाठ्यपुस्तकाबरहुकूम विचारले होते. सगळ्यांची उत्तरे नकारार्थी होती. एका संध्याकाळी आईऐवजी वडील मुलाला घेऊन आले. त्यांच्या शर्टाला डिझेलचा उग्र वास येत होता. सहज विचारले तेव्हा कळले की ते टेम्पो चालवतात. शाळा सुटली की मुलगा त्यांच्याशेजारी, इंजिनाच्या आवरणाला टेकून बसतो आणि दोन-तीन फेऱ्या त्यांच्याबरोबर करतो. आई चार घरची कामे करून परत येईपर्यंत त्याला सांभाळणारे दुसरे कोणी नव्हते. मी काहीशा रागानेच म्हणालो, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" त्या गृहस्थांनी अत्यंत शांतपणे उत्तर दिले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही विचारलंच नाहीत."

ते उत्तर मी आजवर विसरलेलो नाही. ज्यांना इंदुरातील ते जुने टेम्पो आठवत असतील त्यांना अधिक वर्णनाची गरज नाही. राजवाड्याहून सुटलेला टेम्पो कृष्णपुऱ्याच्या पुलावर पोहोचेपर्यंत आपल्या मागे काळ्या धुराचा पडदा सोडत जाई. आज ते टेम्पो रस्त्यावर नाहीत. शहराच्या सार्वजनिक वाहतुकीत नैसर्गिक वायूवर चालणारी वाहने आली, आता विद्युत बसगाड्याही दिसू लागल्या आहेत. हा बदल कसा घडतो, त्यामागील शास्त्र काय, त्याने काय साधले आणि काय साधले नाही, हे समजून घेणे वाहतूक अभियंत्यांइतकेच आपणा वैद्यकीय व्यावसायिकांचेही काम आहे, अशी माझी नम्र धारणा आहे. त्या दृष्टीने प्रस्तुत लेखात या विषयाचा थोडक्यात परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

मुलाचे फुफ्फुस म्हणजे लहान आकाराचे प्रौढ फुफ्फुस नव्हे

बालरोगशास्त्राच्या पहिल्याच तासाला आपण शिकतो की मूल म्हणजे प्रौढाची छोटी प्रतिकृती नव्हे. हे फुफ्फुसाइतके अन्य कोणत्याही अवयवाला लागू पडत नसेल. जन्माच्या वेळी बालकाच्या फुफ्फुसात काही कोटी वायुकोश असतात. प्रौढावस्थेत त्यांची संख्या तीस कोटींच्या वर जाते. म्हणजेच वायुकोशांचे बहुतांश बांधकाम जन्मानंतर, बाहेरची हवा आत घेत असतानाच चाललेले असते. फुफ्फुसांची कार्यक्षमता किशोरावस्था संपेपर्यंत, मुलांमध्ये तर विशीच्या उंबरठ्यापर्यंत, वाढत राहते. या काळात जी वाढ खुंटते ती पुढे भरून निघणे कठीण असते.

दुसरी गोष्ट श्वसनाच्या वेगाची. विश्रांत अवस्थेत प्रौढ मनुष्य मिनिटाला बारा ते सोळा वेळा श्वास घेतो, तर वर्षाचे बालक तीसच्या आसपास. वजनाच्या प्रमाणात पाहिले तर बालक प्रौढापेक्षा कितीतरी अधिक हवा आत घेते, आणि त्या हवेबरोबर तिच्यात जे काही असेल तेही. तिसरी गोष्ट अगदी साधी आहे, पण क्वचितच लक्षात घेतली जाते. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या चार वर्षांच्या मुलाचे नाक आणि वाहनाची धुराची नळी यांच्या उंचीत फारसा फरक नसतो.

हवा सुधारली तर फुफ्फुसे सुधारतात का, या प्रश्नाचे सर्वांत समाधानकारक उत्तर अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियातून मिळाले. तेथील संशोधकांनी वेगवेगळ्या काळातील शालेय मुलांच्या तीन तुकड्यांची फुफ्फुसक्षमता ११ ते १५ वर्षे या वयात सातत्याने मोजली. पहिली तुकडी १९९४ ते १९९८ या काळातील, दुसरी १९९७ ते २००१ मधील आणि तिसरी २००७ ते २०११ मधील होती. या काळात तेथील हवा कायद्याच्या बडग्यामुळे लक्षणीयरीत्या स्वच्छ होत गेली होती. २०१५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पंधराव्या वर्षी फुफ्फुसक्षमता वैद्यकीयदृष्ट्या कमी असणाऱ्या मुलांचे प्रमाण पहिल्या तुकडीत ७.९ टक्के, दुसऱ्या तुकडीत ६.३ टक्के आणि तिसऱ्या तुकडीत ३.६ टक्के होते. हा फरक कोणत्याही औषधाने घडवलेला नव्हता. माझ्या व्यवसायात इतका दिलासा देणारे आकडे मी फार थोडे पाहिले आहेत.

डिझेलच्या धुरात असते तरी काय?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा अत्यंत जोराने दाबली की ती तापते, त्या तप्त हवेत डिझेलचे तुषार सोडले की ते आपोआप पेट घेतात. तुषाराच्या प्रत्येक थेंबाच्या गाभ्याला पुरेसा प्राणवायू मिळतोच असे नाही. जो भाग अर्धवट जळतो त्याची काजळी होते. या काजळीचे कण इतके सूक्ष्म असतात की त्यांतील बहुसंख्य कण अडीच मायक्रॉनपेक्षा कितीतरी लहान असतात. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. नाकातील केस, घशातील श्लेष्मल आवरण, श्वासनलिकेतील लव यांना चकवून ते थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. शिवाय ते रिकाम्या हाताने जात नाहीत. अर्धवट जळालेली अनेक सेंद्रिय रसायने पाठीवर घेऊन जातात. इंधनात गंधक असेल तर सल्फेटचे कण त्यांत भर घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश निश्चितपणे कर्करोगकारक ठरलेल्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला.

संघटनेने २०२१ मध्ये अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली. आपल्या देशाचे २००९ मध्ये ठरलेले मानक ४० मायक्रोग्रॅम आहे. या दोन आकड्यांमधील अंतर आपली मुले रोज श्वासावाटे भरून काढत असतात.

नैसर्गिक वायूची ओळख

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. एक कार्बन आणि चार हायड्रोजन, एवढाच त्याच्या रेणूचा संसार. लांबलचक कार्बनसाखळ्या नसल्यामुळे आणि वायुरूपातच हवेत नीट मिसळत असल्यामुळे तो जळताना काजळी जवळपास होत नाही. गंधकाचे प्रमाणही नगण्य. आणखी एक व्यावहारिक लाभ आहे. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याची कला आपल्या देशात किती प्रगत झाली होती हे सर्वज्ञात आहे. बंद नळातून येऊन थेट टाकीत जाणाऱ्या वायूत अशी भेसळ करता येत नाही.

येथे एक गल्लत दूर करणे आवश्यक आहे. स्वयंपाकघरातील सिलिंडरमध्ये असतो तो एलपीजी, म्हणजे प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण. तो थोड्या दाबाखाली द्रवरूप होतो आणि हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर खाली जमिनीलगत साचून राहतो. वाहनांत वापरला जाणारा सीएनजी हा दाबून भरलेला मिथेन. तो साध्या तापमानाला कितीही दाबला तरी द्रव होत नाही आणि हवेपेक्षा हलका असल्याने गळती झाली तर वर उडून पांगतो. तो आपोआप पेट घेण्यासाठी सुमारे ५४० अंश सेल्सिअस तापमान लागते, म्हणजे डिझेलच्या दुपटीहून अधिक. म्हणून तो तुलनेने सुरक्षित. मात्र टाकीतील दाब वातावरणाच्या सुमारे दोनशे पट असतो. दोष वायूत नसला तरी निकृष्ट सिलिंडरमध्ये, सैल जोडणीत किंवा घिसाडघाईने बसवलेल्या नळीत असू शकतो, आणि अपघात होतात ते त्यामुळेच.

वाहनाचे रूपांतर कसे होते?

पेट्रोलवर चालणारी रिक्षा किंवा टॅक्सी वायूवर आणणे सोपे. पेट्रोल इंजिनात ठिणगी आधीपासून असतेच. त्याला सिलिंडर, दाब उतरवणारा रेग्युलेटर आणि वायू हवेत मिसळणारी यंत्रणा जोडली की काम भागते. हवे तेव्हा पुन्हा पेट्रोलवर जाण्याची सोयही राहते. मुंबईतील काळ्या-पिवळ्या टॅक्सी मोठ्या संख्येने वायूवर आल्या त्या याच मार्गाने.

डिझेलची बस किंवा मालमोटार यांची गोष्ट वेगळी. वर सांगितल्याप्रमाणे मिथेन केवळ दाबाने पेटत नाही. त्यामुळे डिझेल इंजिनाचा स्वभावच बदलावा लागतो. इंजेक्टर काढून तेथे स्पार्क प्लग बसवायचा. डिझेल इंजिनात हवा सोळा-अठरा पटींनी दाबली जाते, ते प्रमाण दहा-बाराच्या आसपास आणण्यासाठी पिस्टनचा माथा बदलायचा. हवेच्या मार्गात थ्रॉटल आणि ठिणगीची वेळ साधणारी यंत्रणा बसवायची. वायूच्या कोरड्या, तप्त ज्वलनाला तोंड देतील अशा व्हॉल्व्ह-बैठका घालायच्या. आणि शेवटी धुराच्या नळीत उत्प्रेरक बसवायचा. वैद्यकीय भाषेत बोलायचे तर हे औषध बदलणे नव्हे, मोठी शस्त्रक्रियाच होय. दुसरा मार्ग म्हणजे थोडे डिझेल ठिणगीपुरते ठेवून उरलेली ऊर्जा वायूपासून घेणे. यात इंजिनाची मोडतोड कमी, पण धुराचा लाभही अर्धाच. तिसरा मार्ग म्हणजे जुने इंजिन काढून टाकून कारखान्यातच वायूसाठी बांधलेले नवे इंजिन किंवा नवी बसच घेणे. जेथे दुसऱ्याच्या भरवशावर जुन्या गाड्या फिरवून घेतल्या गेल्या, तेथे देखभालीच्या तक्रारी अधिक आल्या; कारखान्यात वायूसाठीच बनलेल्या गाड्या अधिक काळ टिकल्या. असे रूपांतराचे संच आणि इंजिने तपासून मान्यता देणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एक म्हणजे पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन. आणि उच्च दाबाच्या सिलिंडरांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, ही माहिती अनेकांना नवीन वाटेल.

वायूची एक मोठी अडचण म्हणजे जागा. दोनशेपट दाबूनही, एक लिटर डिझेलमध्ये मावणारी ऊर्जा साठवायला वायूला सुमारे चौपट जागा लागते. म्हणून बसच्या छतावर किंवा पोटाखाली सिलिंडरांची रांग दिसते. वजन वाढते, पल्ला घटतो. याच कारणास्तव वायू हे ताफ्याचे इंधन आहे. शहर बस, रिक्षा, कचरागाडी ही वाहने ठरलेल्या मार्गावर फिरतात, रात्री ठरलेल्या आगारात परततात. तेथेच कॉम्प्रेसर बसवता येतो, तेथेच मेकॅनिक तयार करता येतात. एखाद्याची खाजगी मोटार बदलली तर एका कुटुंबाचा खर्च वाचतो. दिवसाला दीड-दोनशे किलोमीटर धावणारी बस बदलली तर तिच्या मार्गावरील प्रत्येक थांब्यावरची हवा बदलते.

दिल्लीचा धडा

या विषयातील जगातील सर्वांत मोठा आणि सर्वांत वादळी प्रयोग आपल्याच देशात झाला. पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये दिल्लीच्या हवेविषयी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. १९९६ मध्ये अनिल अगरवाल यांच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने वाहनांच्या धुरावरील आपला गाजलेला अहवाल प्रसिद्ध केला. १९९८ च्या आरंभी भुरेलाल यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले आणि त्याच वर्षी २८ जुलै रोजी न्यायालयाने आदेश दिला: ३१ मार्च २००१ पर्यंत दिल्लीतील सर्व बसगाड्या नैसर्गिक वायूवर आल्या पाहिजेत. त्याबरोबरच बसगाड्यांची संख्या दहा हजारांवर नेण्याचाही आदेश होता, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

पुढची तीन वर्षे बहुतांशी स्वस्थतेत गेली. मुदत उंबरठ्यावर आली तेव्हा बस नव्हत्या, वायू भरण्याची पुरेशी केंद्रे नव्हती, कॉम्प्रेसर नव्हते. रिक्षा व बसगाड्यांच्या मैलोगणती रांगा लागल्या. चालक रात्र-रात्र रांगेत झोपले. घाईत बनवलेल्या काही गाड्यांना आगी लागल्या. रस्त्यावर बस नसल्याने विद्यार्थी, कामगार, रुग्ण सर्वांचेच हाल झाले. मुदती वाढत गेल्या.

दरम्यान केंद्र सरकारने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गोव्यातील माशेल गावी जन्मलेल्या या शास्त्रज्ञाविषयी आपणा सर्वांनाच अभिमान आहे. समितीचे म्हणणे थोडक्यात असे की, शासनाने धुराची मर्यादा ठरवावी, इंधन कोणते ते वाहनधारकांवर सोडावे. तत्त्व म्हणून ही भूमिका निश्चितच सयुक्तिक होती. डॉक्टरने रक्तदाब किती हवा ते ठरवावे, औषध एकच असावे असा हट्ट कशाला, असेच हे म्हणणे. परंतु त्या काळचे दिल्लीचे डिझेल गंधकयुक्त होते, भेसळ सर्रास होती आणि धूर तपासणीची प्रमाणपत्रे कशी मिळत हे सर्वांना ठाऊक होते. मर्यादा पाळली जाते की नाही हे तपासणारी यंत्रणाच जेथे दुबळी, तेथे इंधनच बदलणे हा खात्रीचा उपाय ठरतो. ५ एप्रिल २००२ रोजी न्यायालयाने आपला आदेश कायम ठेवला. डिझेल बसला दिवसाला पाचशे रुपये आणि तीस दिवसांनंतर हजार रुपये दंड लावला आणि दरमहा आठशे डिझेल बस रस्त्यावरून काढण्यास सांगितले. डिसेंबर २००२ च्या आरंभी दिल्लीच्या शहर वाहतुकीतील अखेरची डिझेल बस हटली.

परिणाम काय झाला? कार्बन मोनॉक्साइड आणि गंधकाचे ऑक्साइड घटले. रस्त्यावरचा दृश्य काळा धूर गेला. सूक्ष्म कणांची वाढ काही वर्षे रोखली गेली. परंतु नायट्रोजनचे ऑक्साइड घटले नाहीत, आणि काही वर्षांतच कणांचे प्रमाण पुन्हा चढू लागले. खाजगी वाहनांची, विशेषतः डिझेल मोटारींची, बेसुमार वाढ, बांधकामांची धूळ, वीजकेंद्रे, पिकांचे जाळलेले खुंट, यांनी बसगाड्यांनी कमावलेले सारे गमावले. दिल्लीची आजची हिवाळी हवा पाहून "सीएनजीने काय दिवे लावले?" असा प्रश्न पुष्कळ जण करतात. त्याचे उत्तर आपल्याच ओपीडीत आहे. न्यूमोनियाच्या रुग्णाला प्रतिजैविक दिले, न्यूमोनिया बरा झाला, आणि तो पुन्हा त्याच ओल्या खोलीत झोपून आजारी पडला, तर दोष प्रतिजैविकाचा नसतो. ते उपचार आवश्यक होते, पुरेसे नव्हते.

मर्यादांचा प्रामाणिक हिशेब

नैसर्गिक वायू म्हणजे रामबाण, असा समज करून घेऊ नये. मिथेन स्वतः प्रभावी हरितगृह वायू आहे. वीस वर्षांच्या कालावधीत त्याची तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशीपट असते. ऊर्जेच्या प्रमाणात वायूपासून डिझेलपेक्षा सुमारे एक चतुर्थांश कमी कार्बन बाहेर पडतो हे खरे, पण ठिणगीचे इंजिन डिझेलहून कमी कार्यक्षम असल्याने तो लाभ आक्रसतो, आणि विहिरीपासून टाकीपर्यंत कोठे गळती झाली तर उरलेलाही संपतो. म्हणजे वायू हा फुफ्फुसांचा मित्र असला, तरी हवामानाचा मित्र म्हणता येईलच असे नाही. उत्प्रेरक जुना झाला की नायट्रोजनचे ऑक्साइड आणि फॉर्मल्डिहाइड वाढतात. आपल्या गरजेपैकी जवळपास निम्मा वायू देश आयात करतो. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर जागतिक भाव भडकले तेव्हा त्याची झळ आपल्या रिक्षाचालकांपर्यंत पोहोचली.

दुसरीकडे डिझेलही बदलले. १ एप्रिल २०२० पासून भारत सहा मानके लागू झाली, गंधक दशलक्षात १० भागांवर आले आणि नव्या डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी गाळणी बसू लागली. त्यामुळे नव्या डिझेल बसच्या तुलनेत वायूचा लाभ आता पूर्वीइतका मोठा नाही. जुन्या डिझेल गाडीच्या तुलनेत मात्र तो अजूनही फार मोठा आहे. येथे अमेरिकेतील सिअॅटल परिसरातील अभ्यास आठवतो. शाळेच्या बसमधून जाणाऱ्या २७५ मुलांचा मागोवा घेतला असता, बसगाड्यांना स्वच्छ इंधन आणि धूर शुद्ध करणारी साधने लावल्यावर बसमधील प्रदूषण तर घटलेच, शिवाय मुलांची शाळेतील गैरहजेरीही कमी झाल्याचे २०१५ मध्ये दिसून आले. त्या बस वायूवर आलेल्या नव्हत्या, डिझेलवरच होत्या. इंधनाच्या नावापेक्षा नळीतून बाहेर काय पडते हे महत्त्वाचे. आणि ज्या वाहनाला धुराची नळीच नाही अशी विद्युत बस आता शहरांत येत आहे. तेव्हा वायू हा प्रवासातील मुक्काम आहे, गंतव्य नव्हे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

आपल्या इंदुराचे वेगळेपण

मात्र या प्रवासात आपल्या शहराने एक वेगळी वाट काढली आहे. मिथेन केवळ भूगर्भातच असतो असे नाही. ओला कचरा हवाबंद टाकीत कुजवला की सूक्ष्मजंतू तोच मिथेन तयार करतात. त्यातील कार्बन डायऑक्साइड आणि गंधकयुक्त वायू काढून टाकले, उरलेला दाबून भरला, की तो वाहनासाठी अगदी भूगर्भातील वायूसारखाच. चोइथराम मंडीत भाजीपाल्याच्या कचऱ्यावर असा लहान प्रकल्प आधी उभा राहिला. त्यानंतर देवगुराडिया येथील प्रकल्पाचे उद्घाटन १९ फेब्रुवारी २०२२ रोजी झाले. त्याची क्षमता दिवसाला ५५० टन ओला कचरा घेऊन सुमारे १७,००० किलो वायू आणि १०० टन खत निर्माण करण्याची आहे. किमान निम्मा वायू महापालिकेने विकत घ्यावा आणि त्यावर शहरातील चारशे बस चालवाव्यात, अशी योजना मांडली गेली.

हा कचरा उघड्यावर कुजला असता तर तोच मिथेन वातावरणात गेला असता, ढिगांना आगी लागून धूर झाला असता. येथे मात्र वर सांगितलेला हवामानाचा आक्षेप बव्हंशी गळून पडतो. परंतु या साखळीची पहिली कडी प्रकल्पात नाही. ती आपल्या स्वयंपाकघरात आहे. ओल्या कचऱ्यात प्लॅस्टिक, काच, डायपर गेले की यंत्र अडते. ज्या गृहिणी सकाळी कचरागाडीचे गाणे ऐकून दोन वेगळ्या बादल्या घेऊन दाराशी येतात, त्यांचा या शहराच्या बसगाड्यांत वाटा आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

आपण काय करू शकतो?

न्यायालये, सरकार, महापालिका आपापले काम करतील. आपल्या हाती काय आहे? अनुभवावरून चार गोष्टी सुचवतो.

पहिली, प्रश्न विचारणे. दम्याच्या प्रत्येक मुलाच्या कागदावर वडिलांचा व्यवसाय, घरापासून मोठ्या रस्त्याचे अंतर आणि शाळेत जाण्याचे वाहन या तीन गोष्टी नोंदवाव्यात. यास एक मिनिट लागते.

दुसरी, शाळेची व्हॅन. घरगुती सिलिंडरवर व्हॅन चालवण्याचा बेकायदेशीर आणि भयंकर प्रकार अद्याप पूर्णपणे थांबलेला नाही. पालकांनी व्हॅनच्या नोंदणीपत्रावर वायू इंधनाची नोंद आहे का आणि सिलिंडरच्या दाबचाचणीची मुदत संपलेली नाही ना, हे अवश्य पाहावे. मुले शेवटच्या बाकावर ज्यावर बसतात, त्याखालीच बहुधा ती टाकी असते.

तिसरी, इंजिन बंद ठेवणे. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर चालू इंजिनाने उभ्या असलेल्या गाड्यांची रांग हा सर्वांत स्वस्तात टाळता येणारा धूर आहे. आपल्या गाडीपासून सुरुवात करावी.

चौथी गोष्ट सांगताना मला थोडा संकोच होतो. टेम्पोचालक पित्याला मी रागाने प्रश्न विचारला होता, त्यानंतर कित्येक वर्षांनी माझ्या रुग्णालयातील एका परिचारिकेने मला मागच्या गल्लीत नेले. आमच्या डिझेल जनित्राच्या धुराची नळी नवजात अर्भक कक्षाच्या खिडकीपासून जेमतेम दहा-बारा फुटांवर होती. वीज गेली की आम्ही आत अर्भकांना प्राणवायू देत होतो आणि बाहेरून त्याच खिडकीत काजळी सोडत होतो. ती नळी आता छताच्या वर नेली आहे, वीज साठवणाऱ्या बॅटऱ्या वाढवल्या आहेत आणि जनित्र क्वचितच चालते. जे मी तोवर पाहिले नव्हते ते कदाचित आपल्यापैकीही काहींनी पाहिले नसेल. रुग्णालयाच्या मागे एकदा चक्कर मारावी, एवढीच विनंती.

अखेरीस

त्या मुलाच्या वडिलांनी पुढे टेम्पो विकला आणि काही वर्षांनी कर्ज काढून वायूवर चालणारी रिक्षा घेतली. मुलाचे दम्याचे झटके कमी होत गेले. हे रिक्षेमुळे झाले असे मी म्हणणार नाही. त्याने इनहेलर नियमित घेतला, वयही वाढले, तो वडिलांच्या शेजारी बसेनासा झाला. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडू नये, हे आपल्या गुरुजनांनी शिकवले आहे. परंतु एवढे निश्चित सांगता येईल की, त्या काळात मी त्याला दिलेल्या औषधांची यादी लांबलचक होती आणि त्याच्या श्वासात रोज जे जात होते त्याविषयी त्या कागदावर एक ओळही नव्हती.

मध्यंतरी ते गृहस्थ नातवाला लस देण्यासाठी घेऊन आले. मी कागद पुढे ओढला आणि मुलाचे वडील, म्हणजे माझा तो जुना रुग्ण, काय काम करतो असे विचारले. ते हसून म्हणाले, "साहेब, या वेळी विचारलंत."